वाटीतला सातवा दाणा

टिंग, असा आवाज झाला आणि मी आतल्या खोलीकडे पाहिलं. लॅपटॉप उघडताना त्याचं झाकण आईच्या स्टीलच्या वाटीला लागलं होतं. आत माझी लेक गोदा झोपली होती. ती कुशीवर वळली, अंगठा परत तोंडात गेला, आणि घर पुन्हा गप्प झालं. दुपारचे पावणेदोन. गोदा उठेपर्यंतचा वेळ माझा.

वाटीत सात दाणे होते. आई कार्तिकात गेली, तेव्हापासून ती वाटी तशीच खिडकीत होती. येणारे-जाणारे, दहावं-तेरावं, सगळं झालं, पण वाटीला कोणी हात लावला नाही. मीच लावू दिला नाही.

आई शेवगावच्या एका शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं केडगावच्या या घरात गावरान भाज्यांचं बी जमवायला घेतलं. आधी गच्चीवर चार कुंड्या, मग पुणतांब्याहून, तिच्या माहेरच्या परसातून डांगर, म्हणजे गावरान लाल भोपळा, आलं, मग लोकच आणून देऊ लागले. ज्याला बी हवं त्यानं मेल करायचा. आई कागदाच्या पुडीत बी घालून पोस्टानं पाठवायची आणि मेलवर सविस्तर लिहायची, कधी लावा, कशाच्या शेजारी लावू नका.

कोणाचं उत्तर राहिलंय हे लक्षात ठेवायला मी तिला मेलवर चांदणी लावायला शिकवलं होतं.

"तुझ्या चांदण्या झाकण मिटलं की मिटतात," ती म्हणाली. "मला डोळ्यांसमोर पाहिजे."

म्हणून वाटी. मेल आला की ज्या भाजीचं विचारलंय तिचा एक दाणा वाटीत. उत्तर गेलं की दाणा परत आपल्या बाटलीत. भाकरी थापताना मान वर केली तरी तिला कळायचं, किती माणसं खोळंबलीत.

आता फाल्गुन लागला होता. उन्हाळी भाज्या लावायचे दिवस. कोणीतरी अजून वाट बघत असेल, म्हणून आठवड्याची रजा काढून मी गोदाला घेऊन आले होते. माझा नवरा सुश्रुत म्हणाला, "पुण्यात बसून नाही का करता येणार? पासवर्ड आहे ना तुझ्याकडे?" पासवर्ड होता. वाटी इथं होती.

खरं सांगायचं तर मी फक्त लोकांसाठी आले नव्हते. आईच्या मेलमध्ये माझाही एक मेल होता, अकरा महिन्यांपूर्वीचा. बाळंतपणानंतर तीन वर्षांनी मी नोकरीला लागले. पहिल्या दिवशी गोदाला आमच्याच इमारतीतल्या पाळणाघरात सोडलं. ती इतकी रडली की तिचा आवाज लिफ्टपर्यंत आला. ऑफिसात पोचल्यावर मी आईला लिहिलं:

"आई, लिफ्टचं दार लागलं आणि मला एकदम हलकं वाटलं. वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. तू मला पुष्पावती मावशीकडे सोडून सहाच्या एसटीला जायचीस. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहायचे, तू मागं बघायची नाहीस. वळल्यावर तुला काय वाटायचं? खरं सांग."

उत्तर आलं नाही. फोन रोज व्हायचा. गोदानं काय खाल्लं, तिकडे पाणी किती दिवसांनी येतं, सगळं बोलणं व्हायचं. पण त्या मेलबद्दल ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. मनात मात्र ठरवून टाकलं की आईला माझी लाज वाटली. लेकरू रडत असताना हलकं वाटणारी बाई तिच्या पोटी कशी आली, असं तिला वाटलं असणार.

दाणे मी कागदावर मांडले. दोन गवारीचे. दुधीचा एक, गोदाच्या दातासारखा. कारल्याचा एक, कोरीव कडांचा. वालाचा एक. डांगराचा एक, पांढरट. आणि एक हरभरा.

पहिल्या दोन दुपारी पाच मेल सापडले. आईनं कधी काही पुसलेलं नव्हतं, पाठवलेल्या उत्तरांशी एकेक जुळवत मागं जावं लागलं. गवार मागणारे दोघे, एक पारनेरचा, एक संगमनेरची शिक्षिका. दुधी, कारलं, वाल. तिसऱ्या दुपारी डांगर सापडलं.

"बाई, मी हनुमंत. दहावी ब. ज्याला तुम्ही वर्गाबाहेर लई उभा केला तो. तुम्ही दिलेलं डांगर शेजारच्याच्या हायब्रीड भोपळ्यात मिसळलं, आता ना ते डांगर ना भोपळा. मूळ बी असलं तर द्या. या वेळी लांब लावतो."

मी सगळ्यांना लिहिलं की मी विजयाबाईंची मुलगी, प्रणिता. बाई कार्तिकात गेल्या. बी पाठवते आहे. पहिल्या मेलला 'गेल्या' हा शब्द लिहायला मला वीस मिनिटं लागली होती. सहाव्याला लागली नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हनुमंतचं उत्तर लगेच आलं. "बाईंचं बी घरात किती राहिलंय? थोडंच असलं तर मला पाठवू नका, तुम्ही लावा. पण लांब लावा."

सहा दाणे बाटल्यांत परत गेले. वाटीत हरभरा राहिला.

आई हरभऱ्याचं बी ठेवायची नाही, रब्बीत ज्याच्या त्याच्या शेतात तो असतोच. 'हरभरा' शोधून पाहिलं. काही नाही. पाठवायचे राहिलेले मसुदे पाहिले. तेही रिकामे. मग मला स्वयंपाकघरातला हरभऱ्याचा डबा आठवला, आणि गोदा. दिवाळीत आम्ही इथं होतो. ती डब्यांशी खेळायची. तिनंच टाकला असणार. मी दाणा उचलला आणि डब्यात टाकायला उठले.

तेवढ्यात मागचं दार ढकलून पुष्पावती मावशी आल्या. शेजारचं घर त्यांचं. हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी, हिरव्या घाट्यांनी लगडलेली.

"झोपली का ती बया?" त्या हळूच म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. "घे, सोल. हातात काय हाय?"

"हरभरा. आईच्या वाटीत होता. गोदानं टाकला असेल."

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गोदानं कशाला टाकंल? तुज्या आईनं टाकला. माज्यासमोर."

"कधी?"

"मागल्या उन्हाळ्यात. मी पापड घेऊन आल्ते तवा. म्हनलं, बाई, ह्यो कुनाचा? तर म्हनली, प्रणूचा."

मावशी घाटे सोलत राहिल्या.

"इसरली काय? नाकात घातला हुता न्हवं तू. तीन वर्सांची हुतीस. तुजी आई शेवगावला, आन् तू माज्या ओसरीवर नाक सुजवून बसलेली. मी तुला काखंत मारून दवाखान्यात पळाले. डाक्टरानं चिमट्यानं काढला. सांच्याला बाई आल्या, मी त्यो दाना त्यांच्या हातावर ठेवला. म्हनलं, घ्या, तुमच्या लेकीचं पीक."

"आई काय म्हणाली?"

"काय म्हनतीय. हसली. मंग आत जाऊन बसली लई वेळ. दुसऱ्या दिशी सहाच्या गाडीला हुतीच."

नाकातल्या हरभऱ्याची गोष्ट मला ठाऊक होती, आमच्या घरात ती हसण्यावारी सांगायचे. त्या दिवशी आई शेवगावला होती, हे त्या गोष्टीत कधी आलं नव्हतं.

"मावशी, मी तिला एक विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं नाही."

"रोज द्यायला बसायची न्हवं का," मावशी म्हणाल्या. "रोज त्या वाटीकडं बघायची. म्हनायची, आज प्रणूला लिवते. चष्मा लावून बसायची. मंग कुनाचं तरी घेवड्याचं लिवायची आन् झाकन लावायची. म्हनलं, बाई, अख्ख्या जिल्ह्याला लिवता, लेकीला दोन वळी लिवायला काय झालं? तर म्हनली, लोकं सोपं इचारत्यात, पुष्पा."

मी हरभरा वाटीत परत ठेवला. या वेळी आवाज होऊ दिला नाही. अकरा महिने मी समजत होते की तिला माझी लाज वाटली, आणि माझा प्रश्न या खिडकीत, भाकरी थापताना दिसेल असा, तिच्या डोळ्यांसमोर पडून होता. तिनं तो टाळला नव्हता. तिला तो सुटला नव्हता.

"कशी उत्तर द्यायची ती," मी म्हटलं. "मलाच नसतं देता आलं."

"मला काय कळतंय तुमचं," मावशी उठल्या. "घाटे मीठ लावून भाज. तिला लई देऊ नको, पोट दुखंल." दारात थांबून त्या म्हणाल्या, "आन् नाकावर ध्यान ठेव."

गोदा उठली ती केस विस्कटलेली, गालावर उशीची नक्षी घेऊन. माझ्या मांडीवर येऊन बसली. मी तिला एक हिरवा दाणा सोलून दिला, तिनं तो चावून पाहिला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. खाता खाता तिनं वाटीत डोकावलं.

"सगळे गेले?"

"गेले. ज्यांचे होते त्यांना उत्तरं पाठवली."

"हा का राहिला?"

"हा माझा आहे. मी आजीला एक विचारलं होतं, त्याचा."

"आजीला येत नव्हतं?"

"अवघड होतं."

तिनं बोटानं दाणा वाटीत गोल फिरवला. एकदा, दोनदा. तिला काहीतरी आठवत होतं, हे मला तिच्या भुवयांवरून कळलं.

"आपण सोमवारी पुण्याला जाणार?"

"रविवारी. सोमवारी तुझं पाळणाघर, माझं ऑफिस."

"मी आता कमी रडते."

"हो. शहाणी आहेस."

"तू टाटा करतेस, मग लिफ्टमध्ये जातेस," ती म्हणाली. तिनं मान वळवून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी जवळून, तोंडाला हिरव्या हरभऱ्याचा वास. "मग दार लागतं. दार लागल्यावर तू आत काय करतेस, आई?"