बाबांनी निवडलेली तुळई

मी तुळई बोलतेय. वर काय बघताय? खाली बघा. अंगणात भिंतीलगत आडवी पडलेय ना, तीच मी. आता माझ्यावर मांजरं ऊन खात बसतात. पण कालपरवापर्यंत घराच्या मागच्या भागाचं अख्खं छप्पर मी पेलत होते.

मला बाबांनी आणलं. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. सुतार म्हणाला, "पातळ चालेल." बाबा म्हणाले, "नको, जाडच द्या. खाली माझी माणसं वावरणार आहेत." तेव्हापासून माझा त्यांच्यावर जीव.

म्हातारपणी बाबांना जिना चढवेना. मग मुलाने माझ्याखालची खोली मागे वाढवायला घेतली, त्यांच्यासाठी. तिथे न्हाणीघर आलं, त्याचा पाइप आला. पाइप जाईना, म्हणून प्लंबरने मला खालून पार अर्ध्यापर्यंत कापलं. अहो, कंबरच मोडली की माझी! कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाबा तेव्हा दवाखान्यात होते. मुलाने घाईघाईने छताला पांढरे तक्ते ठोकायला लावले.

सूनबाई म्हणाली, "अहो, नगरपालिकेची तपासणी व्हायचीय अजून. लाकूडकाम उघडं असतानाच बघतात ना?"

"बघतील तेव्हा बघतील. बाबा सोमवारी येतायत. दिवसभर पडून वरच बघणार बिचारे, जरा छान दिसू दे."

सोमवारी बाबांच्या आधी तपासणीच्या बाई आल्या. "झाकलंत कशाला? उघडा." तक्ते निघाले, टॉर्च माझ्या खाचेवर थांबला. "इथे कुणालाही झोपवू नका. ही कधीही मान टाकेल."

"मॅडम, माणूस आजारी आहे हो."

"म्हणूनच सांगतेय. त्यांना पळता येणार नाही."

मला राग नाही आला. माझं दुखणं कुणीतरी ओळखलं होतं.

बाबांना खुर्चीत बसवून वरच्या जुन्या खोलीत नेलं. मला उतरवलं. नवी तुळई यायला उशीर, मग फेरतपासणीला उशीर. बाबा रोज विचारायचे, "झाली का रे खोली?" "उद्या, बाबा."

एकदा त्यांनी खिडकीतून मला पाहिलं. मुलगा रडायलाच लागला. "बाबा, घाई केली हो मी."

"माझ्यासाठीच केलीस ना? वेडा कुठला. तिला टाकू नकोस मात्र."

खोली पास झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा खाली आले. चौघांनी उचलून आणलं त्यांना. पांढऱ्या छताखाली निजवलं, पण वर बघायला डोळे कुठे उघडे होते?

तुम्ही घर वाढवत असाल, तर छत झाकायच्या आधी एकदा दिवा धरून वर बघा. आम्हाला ओरडता येत नाही हो.

मुलगा संध्याकाळी येऊन माझ्यावर बसतो. खाचेवरून बोटं फिरवत राहतो. मला सरपणात घालू नका. छप्पर नाही, पण या एका माणसाचा भार मला अजून पेलतो.