दोन्ही दारं

ताईने गाडीखाली डोकं घातलं आणि बॅटरीच्या उजेडात चकत्या मोजल्या. डावीकडे सात, उजवीकडे आठ. बॉडी आणि खालचा सांगाडा, म्हणजे चासी, यांच्यामध्ये मुळात असायच्या दोन-दोनच. ती पडल्यापडल्याच हसत सुटली. सापडलं!

वडिलांची ती जुनी गाडी तीन महिने तिच्या गॅरेजात होती. दोघे धाकटे भाऊ दर पंधरवड्याला एका रविवारी कामाला यायचे, पण एकत्र कधीच नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टर कुठला, यावरून दोघांनी जो अबोला धरला, तो चार वर्षं सुटला नव्हता. त्यांच्यातला थोरला सकाळी येऊन डावं दार बसवायचा, धाकटा संध्याकाळी उजवं. दाराची फट सारखी व्हावी म्हणून जो तो आपल्या बाजूला एक चकती सरकवायचा आणि खुशीत घरी जायचा. बॉडी एकच, त्यामुळे इकडे उचललं की तिकडचं दार बिघडायचं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातली गत. फक्त कोण दळतंय आणि कोण खातंय, हे दिवसातून दोनदा बदलत होतं.

उद्या जुन्या गाड्यांची फेरी होती. दारं नीट लागली नाहीत तर गाडी गेटातूनच परत पाठवणार होते. ताईने जास्तीच्या चकत्या भराभर काढल्या आणि दोघांना एकाच वेळी बोलावलं, एकमेकांना न कळवता.

"हा कशाला इथे?" थोरल्याने विचारलं.

"वजनाला," ताई म्हणाली. "रिकाम्या गाडीची दारं किती दिवस बसवाल? माणसं बसली की बॉडी दबते. चला, आत. थोरल्या, तू डावीकडे."

तिच्यापुढे दोघांचं कधी चाललं नव्हतं. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून दोघे बसले. गाडी किंचित खाली गेली. ताईने बोल्ट आवळले, बिजागऱ्या अर्धं सूत वर घेतल्या, पुन्हा आवळल्या. मग डावं दार एका बोटाने ढकललं. टप्. पळतच वळसा घालून उजवं ढकललं. टप्. दोन्हीकडे फट वरपासून खालपर्यंत एकसारखी.

"दादा, लागलं!" धाकटा ओरडला.

"अरे, एका बोटात!" थोरल्याने त्याच्या मांडीवर थाप मारली. "बघ, बघ तुझ्याकडचं!"

मग आपण बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं. दोघे समोरच्या काचेतून भिंतीकडे बघू लागले. थोरल्याचा हात दाराशी चाचपडला.

"ताई, आतलं हँडल कुठंय?"

दोन्ही हँडलं टेबलावर होती, पॉलिश करून ठेवलेली.

"बसवायचीत अजून," ती म्हणाली. "थांबा जरा, चहा टाकते."

गाडीवर कापडी छत अजून चढवलेलं नव्हतं. बाहेरचं हँडल नुसता हात लांबवला तरी मिळत होतं. ताईने चहा चांगला उकळू दिला, गाळला, तीन कप भरले आणि गॅरेजाच्या दारातून डोकावून पाहिलं. हात कुणीच बाहेर काढला नव्हता.