मागचं डावं चाक

ती सतरा वर्षं टायरच्या दुकानात काम करत होती. नवऱ्याच्या स्पोर्ट्स कारच्या चाकांना मात्र तिने दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही. महिन्यातून एक दिवस शर्यतीचा ट्रॅक हौशी लोकांना मोकळा मिळे. सकाळी थंड टायरमध्ये ती सव्वीस हवा भरायची. तीन फेऱ्यांत टायर तापले की आतली हवा वाढायची. मग तो गाडी तिच्यापाशी आणायचा आणि ती जास्तीची सोडून चारही चाकं बत्तीसवर आणायची. पण ती हवा मोजायचा गेज लावण्याआधीच तो सांगायचा, "पुढचं उजवं दीडने जास्त आहे बघ." बरोब्बर तेवढंच निघायचं. नाडी न धरता निदान करतो म्हणून ट्रॅकवरचे सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या हातापायांच्या नसा मरत चालल्यात, बधिरपणा वर चढत जाईल. "मुंग्या येतात जरा, एवढंच," असं तो घरी म्हणायचा. तिनेही ते मानून घेतलं होतं.

त्या दिवशी तीन फेऱ्या मारून तो आला, काच खाली करून म्हणाला, "एकदम झकास!"

तिने मागच्या डाव्या चाकाला गेज लावला. एकोणीस. व्हॉल्व्हमधून हवा गळत होती. एवढं मऊ चाक शिकाऊ माणसालाही पहिल्याच वळणावर कळलं असतं.

"अहो, चेष्टा करताय ना? काहीच जाणवलं नाही?"

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग चाचपडत म्हणाला, "उजवं... मागचं उजवं जरा बसलंय का?"

तिने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"अगं, असं काय करतेस? हवा भर, दोनच फेऱ्या मारतो. हळू मारतो. ऐक ना!" बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यापुढे कधी अशी गयावया केली नव्हती.

"नाही."

हेल्मेटचा पट्टा त्याला सुटेना. बोटं गळ्याशी नुसतीच फिरत होती. शेवटी तिनेच तो सोडवला.

व्हॉल्व्ह बदलून घरी जाताना गाडी तिने चालवली. वाटेत त्याने विचारलं, "तुला स्टिअरिंगमधून रस्ता कळतो?"

"हो."

"कसा आहे?"

बारीकसारीक खडासुद्धा तिच्या तळव्यांना कळत होता.

"सांग ना गं."

मांडीवरच्या हातांकडे बघत तो घर येईपर्यंत वाट पाहत राहिला.