अखंड फळी

आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडात तुळईला खालून एक लांबलचक नक्षीची फळी ठोकलेली होती. तिच्यावर मोर, वेली, कमळं. माझ्या आजेसासऱ्यांची हौस. फळीच्या मधोमध पाळण्याची कडी. त्या कडीला अप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा पाळणा टांगला होता, पुढे ह्यांचा टांगला, आणि आता बारशाला माझ्या लेकीचा टांगायचा होता. आणि नेमका तेव्हाच कीड लागून मोरांच्या पोटातून भुसा गळायला लागला. बाळंतपणाच्या खाटेवर पडल्या पडल्या मला तो दिसायचा.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावात माणूस शिंकला तरी सभा भरे. भिवा सुतार येऊन फळी बघून गेला आणि म्हणाला, "अप्पा, खालून टेकू देतो नि करवतीनं तुकडे करून उतरवतो. कुणाच्या डोक्यात पडायला नको."

अप्पा भडकले. "तुकडे? मुंबई तोडू देणार नाही म्हणून ज्या घरातली माणसं मोर्चाला जातात, त्या घरात करवत? फळी उतरेल तर अखंड उतरेल!"

झालं, बाहेरच्या खोलीत सभा बसली. चाळीतले सगळे पुरुष जमले. दोर कुणी धरायचा यावर भाषणं झाली, टेकूसाठी उपसमिती नेमली गेली, आणि 'अखंड'च्या ठरावाला अनुमोदन दिलं ते खुद्द भिवानं! भुसा गळतच होता.

मी आतून ओरडले, "अहो, निदान ती कडी कशात बसलीय ते तरी बघा!"

"सूनबाई, दोन पिढ्या झुलल्यात तिच्यावर," अप्पांनी उत्तर दिलं.

हे आत आले आणि हळूच म्हणाले, "नलू, बहुमत आहे." असा संताप आला मला!

बारसं उजाडलं तरी उपसमितीचा टेकू काही आला नाही. पाळणा कडीला टांगला गेला. पुरुषमंडळी गॅलरीत पुढची तारीख ठरवत होती. आमच्यात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, बाळाचा भाऊ म्हणून. मी शेजारच्या आनंदीबाईंना म्हटलं, "तुमचा मोठा वरवंटा आणा. आणि दोरी लांबून धरा, पण झोका दणकून द्या."

"अगं, दगडाचे एवढे लाड?"

"आज त्याचेच करायचे."

बायकांना मी भिंतीकडे सरकवलं. लेक छातीशी घट्ट धरली होती. पहिले झोके नीट गेले. मग वर करकर झाली आणि पाळणा, वरवंटा, मोर, वेली, कमळं सगळं धाडकन खाली आलं. फरशी फुटली. पाळण्याची एक बाजू चेपून गेली.

पुरुष धावत आत आले. वर तुळई ठणठणीत होती, तिला कडीचं साधं भोकसुद्धा नव्हतं. कडी बसवली होती ती नुसत्या फळीत. अप्पा काय, हे काय, मोराच्या भरवशावर झुलले होते.

"उतरली मात्र अखंड हो," भिवा म्हणाला.

अप्पा चेपलेल्या पाळण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिवाची करवत मागून घेतली आणि गॅलरीत बसून स्वतः फळीचे तुकडे केले, बंबात घालायला. सभा न घेता.

भिवानं टेकू देऊन तुळईला आरपार नवी कडी बसवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना साध्या, आखूड फळ्या ठोकल्या. पाळणा दुरुस्त झाला. अप्पांनी वरवंट्याला स्वतः झोके दिले, बराच वेळ. मग म्हणाले, "आण आता तिला."

मी जागची हलले नाही. "आधी तुम्ही लोंबकळा."

हे माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अप्पांनी धोतर खोचलं, स्टुलावर चढून कडी दोन्ही हातांनी धरली आणि पाय उचलले.

तेव्हा कुठे मी लेकीला पाळण्यात ठेवलं.