मानेवरची लव

तरणतलावावर मी नवशिक्यांना शिकवते. उजाडल्यापासून पाण्यात, दुपारी बाहेर येते तेव्हा अंगाचं ओलं लाकूड झालेलं असतं. पापण्यांना केस नाहीत, भुवया नाहीत, त्यामुळे क्लोरीनचं पाणी सरळ डोळ्यांत. डोकं तर गुळगुळीतच. अलोपेशिया, केस गळण्याचा आजार. दहा वर्षांपूर्वी महिन्याभरात सगळं गळून गेलं. तेव्हापासून जो भेटेल तो आवाज खाली आणून विचारतो, "कितवी केमो?" केमो नाही हो, ठणठणीत आहे मी, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. विग एक उन्हाळा घातला, मग कपाटात कोंबला. आता उघड्या डोक्याने बाजारात जाते, कानांत मोठे डूल घालून लग्नांना जाते. कोणी टक लावून बघितलंच तर मीही बघते, माझं काय जातंय!

परवा एक चिमुरडी माझ्या पाठीला चिकटून पाय मारत होती. एकदम ओरडली, "मॅडम, तुमच्या मागे केस आलेत!"

हात लावला. मानेच्या वर खरंच मऊ लव होती. पण आनंद झाला नाही. याआधी दोनदा असंच झालंय. दोन्ही वेळा मी खुळ्यासारखी आस लावून बसले, कंगवासुद्धा आणला, आणि दोन्ही वेळा सकाळी सगळं उशीवर. दुसऱ्या वेळी तर आठवडाभर मी अंथरूण सोडलं नव्हतं.

घरी चपला काढायला वाकले आणि आईला दिसलं.

"अगं बाई! आले गं आले!"

झालं. मावशीला फोन. जुन्या औषधाची बाटली बाहेर. "पाण्यात टोपी घाल, आता तरी जप," म्हणून हात जोडले. मी हात टेकले आणि हो म्हटलं.

मग काय, टोपी आली, आरसा आला. पुढे एक, मागे एक आरसा धरून मान वाकडी करून बघायचं, काल होती तेवढीच आहे की वाढली. आज तलावात एका पोराच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि मी टोपी सारखी करत होते. ओढून काढलं त्याला, खोकला, रडला, बरा आहे. पण माझीच मला चीड आली.

संध्याकाळी न्हाणीघरात वस्तरा घेतला. आई दारात.

"काढू नकोस. पाया पडते तुझ्या."

"आई, दमले गं मी. टकलाने नाही दमले. ही वाट बघून दमले."

ती उंबऱ्यावरच बसली. "तुझं लग्न, लोक, मला कशाचं काही नाही. पण तू पोटात होतीस तेव्हा माझं खाणंपिणं धड नव्हतं. दहा वर्षं तेच डोक्यात. केस आले असते तर वाटलं असतं, माझं काही चुकलं नव्हतं."

इतकी वर्षं मी धरून चालले होते की तिला माझी लाज वाटते.

"डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं ना, कुणाचंच काही चुकलेलं नाही?"

"सांगितलं असेल. मी तुझ्याकडे बघत होते. तू रडत होतीस."

मी स्टूल ओढलं, तिच्याकडे पाठ करून बसले आणि वस्तरा मागे धरला.

"मागचं मला दिसत नाही. तू काढ."

ती उठून माझ्या मागे आली. मग तिने साबण लावला. हळूहळू वस्तरा फिरवला, एकदाही लागलं नाही. पाण्याने धुतलं, पदराने पुसलं.

"राहिलंय का कुठे?" मी विचारलं.

तिने कपाळापासून मानेपर्यंत सावकाश तळवा फिरवला. या डोक्याला तिने कधी असा हात लावला नव्हता, लावायची ती फक्त औषध.

"नाही," ती म्हणाली. "छान दिसतंय."