शिट्टीच्या आधी छापलेला अंक

मित्रांनो, जिन्याखाली ज्या लोखंडी खोक्यावर तुम्ही दप्तरं आपटता आणि बुटाची नाडी बांधायला खुशाल पाय ठेवता, तो नुसता खोका नाही. तो मी आहे. मी एक जुना छापखाना आहे. माझं खरं नाव सायक्लोस्टाईल यंत्र, पण ते घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून मुलं मला छापखानाच म्हणायची. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, थोडी ऐट होतीच मला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे पुष्कळ होते, त्यामुळे कौतुक कुणाचंच नव्हतं. कौतुक झालं ते या शाळेत. मला वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं आणि दारावर पाटी लागली, 'शालेय वार्ता'. माझं काम सोपं होतं. मुलं एका मेणकागदावर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची. तो कागद माझ्या गोल रुळावर ताणून बसवायचा, रुळाच्या पोटात शाई भरायची आणि बाजूचा दांडा फिरवायचा. मेण जिथे कोरलेलं, तिथून शाई झिरपायची आणि पलीकडून छापलेला कागद बाहेर पडायचा. माझी शाई मात्र चिकट आणि आळशी होती. ताजा अंक हातात घेतला की अंगठा काळा झालाच म्हणून समजा. शाळेत कुणाचा अंगठा काळा दिसला की सगळे विचारायचे, "अंक आला वाटतं?"

कितीतरी मुलं आली, शिकली, गेली. पण मी सांगणार आहे ती गोष्ट शेवटच्या तुकडीची. त्यांच्यात एक संपादकबाई होती. शाळेच्याच शेवटच्या वर्गातली मुलगी, पण कपाळाला आठी अशी की शिक्षकही तिला अहोजाहो करतील. एक होता मिरची. त्याचं लिखाण झोंबायचं आणि वाचणारे हसून लोळायचे. आणि तिसरा पैलवान. तो संपादकबाईचा मावसभाऊ. तिच्याहून थोडा लहान, म्हणून चिडवायला तो तिला ताईसाहेब म्हणायचा. माझा दांडा फिरवण्याचं काम त्याचं. इतरांच्या हाती मी अडायचो, कागद चावायचो, दोन-दोन कागद एकदम गिळायचो. त्याच्या हाती कधी नाही. तो दांडा असा एका लयीत फिरवायचा की मलाच वाटायचं, मी तरुण आहे.

हाच पैलवान शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होता. खेळावर त्याचा जीव होता. खोलीत आला तरी बगलेत हातमोजे असायचेच.

आता आमच्या खोलीतली एक रीत सांगतो. बाहेर ती कुणालाच ठाऊक नव्हती. आमच्या वार्तेची ख्याती अशी की स्पर्धा संपते न संपते तोच निकालाचा अंक फाटकावर हजर. लोक तोंडात बोट घालायचे. पण माझ्यावर छापायला वेळ लागतो, मित्रांनो, आणि शाई वाळायला त्याहून जास्त. मग हे जमायचं कसं? तर आधीच दोन अंक छापून ठेवायचे. एक 'जिंकलो', एक 'हरलो'. निकाल लागला की त्यातला योग्य गठ्ठा वाटायचा. उरलेल्या गठ्ठ्याच्या कोऱ्या पाठीवर पुढचा कच्चा मजकूर लिहायचा. वादविवाद असो, नाटक असो, असंच चालायचं. पैलवानाने स्वतः असे कितीतरी जोड-अंक माझ्यावर फिरवले होते आणि मिरचीच्या 'हरलो' अंकांना पोट धरून हसला होता. त्याची स्वतःची पाळी तोवर आली नव्हती, इतकंच.

ती आली अंतिम सामन्याच्या दिवशी. पैलवान सकाळपासून मैदानावर होता. खोलीत मिरची मेणकागद कोरत बसला होता आणि संपादकबाई त्याच्या मागे उभी होती.

"जिंकलोचं झालं. मथळा बघ, 'आमची भिंत अभेद्य'. पैलवान खूश होणार!"

"आणि हरलोचं?"

"हरलो तर काहीतरी कारण नको का? लिहितो, चेंडू त्याच्या हातातून लोण्यासारखा निसटला."

ती हसली. मग म्हणाली, "अरे, वाईट दिसेल ते."

"आपण हरतोय कुठे? आणि हरलोच तर बदलू की ती ओळ."

"बदलायचं हं नक्की," ती म्हणाली आणि मेणकागद माझ्या रुळावर चढवला. दांडा मिरचीने फिरवला. एरवी त्याच्या हाती मी हटकून अडायचो. त्या दिवशी मात्र सरळ चाललो. आजही त्याचं मला वाईट वाटतं.

संध्याकाळी मैदानाकडून ओरडा ऐकू येत होता. मग लांब शिट्टी वाजली. खोलीच्या दारात कुणीतरी धापा टाकत आलं, "हरलो, एका गोलने!" मिरचीने गठ्ठा उचलला आणि सगळे जिना उतरून पळाले. लोक फाटकातून बाहेर पडायच्या आत पोचायचं होतं. ओळ बदलायची कुणालाच आठवण राहिली नाही. राहिली असती तरी वेळ कुठे होता?

ते परत आले तेव्हा आनंदात होते. अंक हातोहात संपला होता. त्यांच्या मागोमाग पैलवान आला. गुडघ्याला माती, एका हातात हातमोजे, दुसऱ्या हातात अंक.

"हे कुणी लिहिलं?" त्याने विचारलं.

मिरची गडबडला. "अरे, बघितलं तसं लिहिलं. धावत आलो, छापलं..."

पैलवानाने अंगठा कागदावर घासला. दाबून घासला. मग अंगठा वर करून दाखवला. तो स्वच्छ होता.

"मला सांगतोस? सकाळचा आहे हा."

त्याची नजर माझ्या शेजारी पडलेल्या दुसऱ्या गठ्ठ्यावर गेली. वरचा कागद उचलून त्याने वाचला.

"जिंकलो तर भिंत, हरलो तर लोणी. छान आहे. गोल कसा झाला, सांगेल का कुणी मला?"

संपादकबाईचे डोळे भरून आले होते. "आम्ही इथे गठ्ठे लावत होतो रे..."

"म्हणजे सामना कुणीच बघितला नाही. चेंडू आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून आत गेला, ताईसाहेब. माझ्या हातात आलाच नव्हता. बाकी सगळे अडवले मी." त्याचा आवाज फाटला. "आई आली होती पहिल्यांदाच. तिच्या हातात अंक तूच दिलास ना? ती तिथेच उभी राहून वाचत होती. मग घडी घालून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, होतं असं कधी कधी. तिनं स्वतः सामना बघितलाय गं! तरी तिला छापलेलं खरं वाटलं."

त्याने हातमोजे माझ्यावर ठेवले आणि तो निघून गेला. ते हातमोजे नेण्यासाठीही तो परत आला नाही. पुढे त्याने गोलपाशी उभं राहणंच सोडलं, असं मुलांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं. वर्गात कुणी सहज "लोणी" म्हटलं तरी तो मान खाली घालायचा म्हणे.

दुसऱ्याच दिवशी संपादकबाईने एकटीने बसून नवा मेणकागद कोरला. गोल कसा झाला, त्याने काय काय अडवलं, आणि आम्ही न बघता लिहिलं, आमचं चुकलं, हे सगळं. खोडाखोड न करता इतकं नेटकं तिने आधी कधी कोरलं नव्हतं. कागद माझ्या रुळावर चढवला, शाई भरली. मिरची म्हणाला, "चल, मी फिरवतो."

"नको. दांडा तोच फिरवेल. तो आला की छापू."

मला तेव्हा वाटलं, शहाणी पोर आहे. आम्ही दोघंही वाट बघत बसलो. तो आला नाही. ती रोज दाराकडे बघायची, मावशीच्या घरी जायचं मात्र टाळायची. कोणत्या तोंडाने जाऊ, असं मिरचीला म्हणायची. मग परीक्षा आल्या. मग सुट्टी लागली. सुट्टीत शाळेने विजेवर चालणारं नवं यंत्र आणलं आणि मला उचलून इथे जिन्याखाली ठेवलं. रुळावरचा कागद काढावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मध्यंतरी एक बाई मुलीला शाळेत घालायला आल्या होत्या. जिन्याशी थबकल्या. केस पिकायला लागले होते, पण कपाळाची आठी मी लगेच ओळखली.

"आई, हे काय आहे?" मुलीने विचारलं.

"आमचा छापखाना."

"ह्याच्यावर कसला काळा कागद आहे?"

"मामाला द्यायचा होता," ती म्हणाली. "राहून गेला."

तिने पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. मित्रांनो, मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. पण पोटातली शाई कधीच दगड झाली होती. दांडा तसूभरही हलला नाही. तिने पर्स उचलली आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

माझ्यावर दप्तरं ठेवा, माझी काही तक्रार नाही. धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. एवढंच सांगणं आहे. कुणाविषयी लिहायचं असेल तर आधी त्याचा खेळ डोळ्यांनी बघा. आणि माफी मागायची असेल तर समोरचा येईल, तो दांडा फिरवेल, म्हणून थांबू नका. शाई ओली आहे तोवर स्वतः फिरवा. मी तो कागद अजून अंगावर घेऊन बसलो आहे.