पाहुण्यांच्या धड्यातली खूण

जियाई शहराच्या जुन्या बाजारामागे सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक माळा होता, आणि त्या माळ्यावरून बहिऱ्या माणसांची हातांची भाषा शिकवणारी एक छोटीशी वेबसाइट चालायची. होउ ताई तिच्या सर्वेसर्वा. धडे द्यायचे फू सर. ते जन्मापासून बहिरे होते, आणि त्यांचे हात इतके स्वच्छ बोलायचे की नवख्यालाही वाक्य कुठे संपलं ते कळावं. उरलेली सगळी कामं यान सु-मिनकडे होती. दुपारी तिघं मिळून टर्कीच्या मांसाचा भात मागवायची आणि खालून येणाऱ्या ठोकाठोकीत बसून जेवायची. ती ठोकाठोक फक्त फू सरांना ऐकू येत नसे, आणि ते त्यावरून दोघींना चिडवायचे.

सु-मिनच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. औषधांच्या धड्यात 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' या खुणांची चित्रं एकदा उलटसुलट लागली होती. चूक लगेच सुधारली गेली, पण ती सुधारली आहे हे शिकणाऱ्यांना कळणार कसं? एकदा पाहिलेला धडा कोण पुन्हा उघडतो? शिकणाऱ्यांपैकी पेंग काकूंनी नवऱ्यासाठी जुनीच खूण घोटून पाठ केली. त्यांचा नवरा उतारवयात बहिरा झाला होता, आणि मधुमेहाची गोळी भलत्या वेळी घेऊन तो बाजारात कोसळला. जीव वाचला. काकूंनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, आणि सु-मिनला नेमकं तेच सोसवेना.

मग तिने खपून एक सोय केली. नव्या धड्याशेजारी हिरवा ठिपका, आणि बदललेल्या धड्याशेजारी नारिंगी. ठिपक्याखाली, काय बदललं ते सांगणारी एक ओळ. ज्याने धडा पाहिला, त्याच्यापुरता ठिपका मावळायचा. लोकांना ते फार आवडलं. "आता काही निसटत नाही," असं कुणी कुणी आवर्जून कळवायचं, आणि सु-मिनला खूप दिवसांनी शांत झोप लागू लागली.

शरद ऋतूच्या सुरुवातीला 'घरी आलेले पाहुणे' या धड्याशेजारी नारिंगी ठिपका दिसला. त्या धड्याला कुणी हात लावलेला नव्हता. खालची ओळ कोरी होती. सु-मिनने ठिपका काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथे होता.

शेवटी तिने धडा उघडला. निळ्या शर्टातले फू सर हातांनी सांगत होते : या, बसा, चहा घ्या, वाट सापडली ना? सगळं नेहमीचंच. फक्त शेवटी, हात खाली जाण्याआधी, त्यांचा उजवा तळवा छातीवर टेकला, सावकाश पालथा झाला, आणि दोन बोटं कानामागे जाऊन क्षणभर थांबली. हे आधीपासून होतं का? हा धडा तिने स्वतः चित्रित केला होता, आणि तरीही तिला छातीवर हात ठेवून काही सांगता येईना.

तिने फू सरांना बोलावलं. त्यांनी धडा पाहिला, मागे नेला, पुन्हा पाहिला.

"हे मी केलेलं नाही," त्यांनी खुणेने सांगितलं.

"मग कुणी?"

"हात माझेच आहेत." अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग त्यांनी आधी पडद्यावर दाखवला, मग स्वतःच्या हातावर.

"पण म्हणजे काय त्याचा अर्थ?"

"काही नाही. आपल्या भाषेत अशी खूणच नाही. म्हाताऱ्या माणसांच्याही हातात मी ती पाहिलेली नाही." मग त्यांनी बजावलं, "काढून टाक तो धडा. आज, आत्ता."

होउ ताईंनी सगळं थट्टेवारी नेलं. "सर, तुम्हीच दमून डोकं खाजवलं असेल. आणि सु-मिन, तुला त्या ठिपक्यांनी वेड लावलंय. सुट्टी घे चार दिवस, आईकडे जाऊन ये." तरी धडा काढला गेला. आणि लगेच पत्रं येऊ लागली. पाहुण्यांचा धडा कुठे गेला? त्यातली नवी खूण आम्ही घोटत होतो. इतकी छान खूण आधी का नाही शिकवलीत?

होउ ताईंनी मूळ चित्रण शोधून काढलं. कॅमेऱ्यातून उतरवल्यापासून त्याला कुणी शिवलं नव्हतं. तिघांनी ते उभ्याउभ्याच पाहिलं. शेवटी तळवा छातीवर टेकला, पालथा झाला, बोटं कानामागे गेली. ताईंनी पडदा बंद केला आणि त्या खिडकी उघडायला उठल्या. खिडकी आधीच उघडी होती.

त्यानंतर ठिपके वाढत गेले. भाजीबाजाराच्या धड्यात, हवामानाच्या धड्यात, आकड्यांच्या धड्यात, आणि मग औषधांच्या धड्यातही. दर वेळी खालची ओळ कोरी. सु-मिनने मनावर दगड ठेवून ठिपक्यांची सोयच मोडून टाकली. दिसलंच नाही तर कुणी शिकणार नाही, असा तिचा हिशोब. पण पत्रं थांबली नाहीत. लोकांना आता ठिपका लागत नव्हता.

फू सर तेव्हापासून हात खिशात घालून बसू लागले. काही विचारलं की फोनवर टाइप करून उत्तर द्यायचे. ज्या माणसाच्या थट्टेने माळा भरून जायचा, तो असा गप्प बसलेला बघवत नसे. "सर, निदान शिव्या तरी द्या," सु-मिन एकदा म्हणाली. ते हसले नाहीत. त्यांनी लिहिलं : "हात बाहेर काढले, की वाक्याच्या शेवटी ते आपले आपण तिकडेच जातात."

न राहवून ती एका दुपारी पेंग काकूंकडे गेली. काकूंनी तिला बसवलं, पेरूच्या फोडी पुढे केल्या. काका समोरच्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होते. बोलता बोलता काकूंनी त्यांच्याकडे वळून सहज ती खूण केली. तळवा, छाती, कान. काकांनी मान डोलावली, स्टूल थोडं मागे ओढलं, शेंगांची परात उचलून बाजूला ठेवली, आणि मधली जागा हाताने पुसून घेतली.

"काकू, काय सांगितलंत त्यांना?"

"आता काय? तुम्हीच शिकवायचं आणि तुम्हीच विचारायचं?" काकू हसल्या.

"मस्करी नाही, काकू. अर्थ काय त्याचा?"

काकूंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं, एखाद्या मोठ्या माणसाने 'हो म्हणजे काय' असं विचारावं तसं. "तोंडाने नाही गं सांगता येत. तू करून बघ, कळेल."

"मला नाही करायची."

"बरं बाई," काकू समजुतीने म्हणाल्या, "घाई नाही कुणाला." जाताना सु-मिन त्या पुसलेल्या जागेला वळसा घालून गेली. तसं का गेलो, हे तिला रस्त्यावर आल्यावरही सांगता आलं नसतं.

शिकणाऱ्यांचा वार्षिक मेळावा ऐन हिवाळ्यात, नगर वाचनालयाच्या सभागृहात भरला. होउ ताईंनी ठरवलं की सगळं खरं सांगून टाकायचं : धड्यांत एक चुकीची खूण शिरली आहे, ती कुणी वापरू नका. सांगायचं काम सु-मिनवर आलं. ठिपके तिचे होते. सभागृह भरलेलं होतं. नर्सबाई, बसचालक, दुकानदार, कुणाची आई, कुणाची सून. फू सर शेवटच्या रांगेत, हात कोटाच्या खिशात.

सु-मिनने आवाजाने आणि हातांनी, दोन्हींनी बोलायला सुरुवात केली. आधी आभार मानले. मग औषधांच्या धड्यातली ती जुनी चूक सांगितली, आणि सर्वांसमक्ष पेंग काकूंची क्षमा मागितली. लोक टक लावून पाहत होते. तिला वाटलं, ऐकताहेत, समजून घेताहेत. धीर येऊन ती म्हणाली, "आता एक खूण आहे, जी तुम्ही सगळ्यांनी विसरायची आहे."

तेवढ्यात फू सर उठले. खुर्च्यांना धडका देत, वाटेतल्या माणसांना ढकलत ते धावत मंचावर चढले. कित्येक आठवड्यांनी त्यांचे हात खिशाबाहेर होते. त्यांनी तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली, इतकी की तिला दुखलं. त्यांच्या ओठांतून कसलासा घोगरा आवाज निघत होता.

"सर, काय झालं?"

हात सोडल्याशिवाय त्यांना बोलता येत नव्हतं, आणि ते सोडत नव्हते. सु-मिनने पाहिलं. तिची दोन बोटं तिच्याच कानामागे होती.

सभागृहात एकदम खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सगळे उठले होते. कुणाचीही गडबड नव्हती. आपापली खुर्ची मागे ओढून, पिशव्या उचलून, त्यांनी दारापासून मंचापर्यंतची जागा मोकळी केली. पेंग काकूंनी खाली वाकून रुमालाने फरशी पुसली. मग सगळे दाराकडे तोंड करून उभे राहिले, हसतमुख, थोडे संकोचल्यासारखे, पाहुणे यायच्या वेळी घरची माणसं उभी राहतात तसे.

दार आतून लावलेलं होतं. होउ ताई ते उघडायला निघाल्या होत्या.